साहेब अजून आले नाहीत

१ फेब्रुवारी, रविवार

डॉक्टर म्हणाले, अण्णांचं रोज जे वेगळं दिसेल ते लिहून ठेवा, पुढे उपयोग होतो. हिने साफ अंग काढून घेतलं. "तुमचे वडील, तुमचं अक्षर," म्हणाली. म्हणून हा उद्योग माझ्या गळ्यात.

तर आजचं वेगळं. अण्णा दुपारी फिरून आले ते शर्टाची बाही खांद्यापाशी उसवून, कोपर खरचटून. बरोबर साहेब होता. साहेब म्हणजे आमच्या गल्लीतला कुत्रा. अण्णांनी जन्मभर शिपायाची नोकरी केली, वरिष्ठांच्या दोन पावलं मागून चालण्यात आयुष्य गेलं. आता हा कुत्रा पुढे आणि अण्णा मागे अशी रोज दुपारी बागेपर्यंत फेरी असते, म्हणून तो साहेब. अण्णांच्या लक्षात रस्ता राहत नाही, साहेबाच्या राहतो. तो त्यांना दाराशी आणून सोडतो, एक बिस्किट खातो आणि जातो. त्याच्या जिवावर आम्ही दोघं निर्धास्त कामाला जातो. हे बाहेर कुणाला सांगितलं तर लोक आम्हाला वेड्यात काढतील.

"अण्णा, बाही कशी फाटली?"

"साहेबांना घाई होती. ओढत आणलं मला."

म्हणजे काहीच कळलं नाही. मी खाली जाऊन बघून आलो. सोसायटीच्या सेक्रेटरीने नवीन लोखंडी फाटक बसवून घेतलंय, त्याची कडी बाहेर आलेली आहे. बाही तिथेच अडकली असणार. फाटक बनवणारा सेक्रेटरीचा मेहुणा आहे. पाणी कुठे मुरतंय ते मला बरोबर कळतं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

अण्णा: नाश्ता केल्यावर पुन्हा नाश्ता मागितला. बाकी ठीक.

आज कामावर मजा आली. दुकानांवरच्या कॅमेऱ्यांची चित्रं मुकी असतात, हे बघणाऱ्यांना माहीत नसतं. त्या कॅमेऱ्यांना डोळा असतो, कान नसतो. बातम्यांत चोर पळताना पावलं वाजतात, गाडी आदळताना काच फुटते, ते सगळं चॅनेलच्या तळघरात, माझ्या खोलीत तयार होतं. चपला, पत्रे, ओलं फडकं, मोडकी छत्री, असा माझा संसार.

प्रोड्यूसर धावत आला. त्याला आम्ही पाठीमागे 'ब्रेकिंग' म्हणतो, कारण चहा गार झाला तरी तो ती बातमी छाती भरून सांगतो.

"गुरू, कुत्र्याचा हल्ला आहे. म्हातारा माणूस. रात्रीच्या कार्यक्रमात पहिलं हेच. पण दम नाही रे त्यात, नुसतं हलतंय. जरा जीव घाल."

चित्र जेमतेम काही सेकंदांचं. म्हातारा रस्त्याच्या कडेने चालतोय, मागून कुत्रा झेप घेतो, बाही जबड्यात धरतो, म्हातारा खाली. संपलं. चेहरा नियमाप्रमाणे धूसर केलेला, रंग काढून सगळं काळपट केलेलं, कुत्र्याभोवती लाल गोल.

मी तसंही चित्र बघत नाही. म्हणजे बघतो, पण फक्त पाय आणि जबडे. पाय कधी टेकतो, जबडा कधी उघडतो, एवढ्यावर आमचं पोट. या खोलीत इतकी वर्षं काढली, एकाही माणसाचं तोंड माझ्या लक्षात नाही. हा म्हातारा डावा पाय घासत चालणारा. ती फरफट तयार आवाजांत कुठे मिळेना. शेवटी अण्णांची एक जुनी चप्पल सामानात पडून होती, ती हातात घालून फरशीवर ओढली. पहिल्याच झटक्यात अशी बसली, की केसाइतकाही फरक नाही. स्वतःवर मी क्वचितच इतका खूश होतो.

राहिली गुरगुर. कुत्र्यांच्या तयार गुरगुरी सगळे चॅनेल वापरतात, ऐकून ऐकून त्यांचा चोथा झालाय. इथे मी हुशारी केली. डॉक्टरांना ऐकवायला मागच्या महिन्यात अण्णांचं घोरणं फोनवर भरून घेतलं होतं. ते काढलं, वेग निम्म्यावर आणला, पट्टी खाली उतरवली, खालून पत्र्याची थरथर जोडली. असलं काही निघालं, की ब्रेकिंगसुद्धा गप्प बसला. मग टाळ्या वाजवल्या. कशाचा आवाज, ते मी सांगितलं नाही. धंद्याची गोष्ट कुणाला सांगू नये, विशेषतः ब्रेकिंगला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

गुरगुर गावभर झाली. न्हाव्याच्या दुकानात तीच, दूधवाल्याच्या फोनवर तीच. दुसऱ्या दोन चॅनेलनी चित्र उचललं, माझ्या आवाजासकट. नाव कुणाचंच नाही, पण कान माझे आहेत, मला कळतं. खालच्या मजल्यावरची पोरं जिन्यात लपून एकमेकांवर गुरगुरतात, आणि गंमत म्हणजे अगदी माझ्यासारखी गुरगुरतात, कुत्र्यासारखी नाही.

रात्री जेवताना ही म्हणाली, "बाई गं, काटा आला अंगावर. पण आवाज कुठेतरी ऐकल्यासारखा वाटतो हो."

मी म्हटलं, कुत्र्याचा आवाज, ऐकलेलाच असणार. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला संशय आला असेल का? सासऱ्याचं घोरणं भिंतीपलीकडून रोज ऐकते ती. सांगितलं तर म्हणेल, आजारी बापाच्या घशाचा धंदा मांडलात. नाही सांगितलं.

अण्णा: टीव्हीपुढून हलत नाहीत. आम्ही नसताना एका जागी बसावेत म्हणून ही तो लावूनच जाते. तोच तो हल्ला दिवसभर दाखवतात, खाली तक्रारीचा फोन नंबर सरकत असतो. आज दुपारी अण्णा फिरायला गेलेच नाहीत म्हणे. समोरच्या काकू सांगत होत्या, साहेब दाराशी बसून बसून निघून गेला.

७ फेब्रुवारी, शनिवार

साहेब नाहीसा झाला. काल कुत्री धरायची गाडी गल्लीत आली आणि त्याला घेऊन गेली. पानवाला म्हणाला, धरणाऱ्याने फास टाकला तेव्हा साहेब शेपूट हलवत होता, त्याला वाटलं कुणीतरी फिरायला न्यायला आलं. ते ऐकून जीव कळवळला. मी पानवाल्याला विचारलं, तू का अडवलं नाहीस? तो म्हणाला, "अहो, टीव्हीवर बघितल्यापासून मीपण जरा लांबच राहत होतो."

बागेत माणसं काठ्या घेऊन फिरायला येतात. परवा एका पिल्लाला कुणीतरी दगड मारला. पिल्लाला! साप म्हणून भुई धोपटणं चाललंय नुसतं.

प्रश्न असा, की गाडी बोलावली कुणी? गाडी आपणहून येत नाही, कुणीतरी फोन करावा लागतो. माझा पहिला संशय सेक्रेटरीवर. दुसरा, लिहायला नको, पण ही माझी खासगी वही आहे, दुसरा संशय हिच्यावर. जिन्यात चिखलाचे पंजे उमटतात म्हणून तिची कुरकुर होतीच. काल मी घरी आलो तेव्हा "कुत्र्याला नेलं" हे तिने ज्या आवाजात सांगितलं, तो आवाज जरा जास्तच सपाट होता. खरं दुःख झालं की माणसाचा आवाज शेवटी वर जातो.

अण्णा: सारखं विचारतात, "साहेब आले नाहीत अजून?" दाराची कडी पुन्हा पुन्हा तपासतात. कोपऱ्यातली काठी आणून दाराशी उभी करून ठेवली आहे. साहेब नाही म्हणून जीव घाबरत असणार. आणखी एक नवीन: घरातल्या जुन्या फोनशी चाळा सुरू झालाय. रिसीव्हर उचलतात, हळू आवाजात काहीतरी बोलतात, मी आलो की ठेवून देतात. ऑफिसातल्या जुन्या सोबत्यांना लावत असतील. असेना, तेवढाच विरंगुळा.

९ फेब्रुवारी, सोमवार

सेक्रेटरीला फाटकाशी गाठलं.

"गाडीला फोन तुम्ही केलात ना?"

"मी? नाही हो. करणार होतो, खोटं कशाला बोलू. सभेत ठरलंच होतं. पण त्याआधीच गाडी आली."

"मग कुणी केला?"

"ज्याने केला त्याने पुण्य केलं. ती क्लिप बघितलीत ना? ती गुरगुर! माझी नात पांघरुणातून बाहेर येत नाही."

"आपल्या साहेबाने कधी कुणाला ओरबाडलंय का?"

"आजवर नाही. पण कुत्र्याची जात! टीव्हीवरचा तो म्हाताराही असंच म्हणत असेल."

बोलताना त्याने दोनदा घसा खाकरला. माणूस खोटं बोलणार असला की आधी घसा साफ करतो, हे मी हजारो मुलाखती कापून शिकलोय. याच्याकडेच पाणी मुरतंय. फाटकाच्या कडीचंही त्याला सुनावलं. त्याने कानावर हात ठेवले.

१० फेब्रुवारी, मंगळवार



अण्णा हरवले होते. दुपारी कधीतरी कडी काढून एकटेच निघाले. हिने फोन केला तेव्हा मी एका अपघाताला ब्रेकचा आवाज देत होतो. हेडफोन तसाच टाकून धावलो. बाग पाहिली, बाजार पाहिला, बसथांबे पाहिले. लोकांना विचारावं तर वर्णन काय सांगणार? पांढरे केस, डावा पाय घासतो. असे किती म्हातारे. अंधार पडता पडता वाहतूक पोलिसाचा फोन आला. अण्णा त्यांच्या जुन्या ऑफिसच्या बंद फाटकाशी उभे होते, शहराच्या दुसऱ्या टोकाला. पायातली एक चप्पल गायब, ओठ सुकलेले.

"साहेबांना आणायला आलो होतो," म्हणाले. "आतच असतील. हे लोक सांगत नाहीत."

घरी आणलं, पाय धुतले, दूध पाजलं. झोपले तेव्हा ही स्वयंपाकघरात मला म्हणाली, "कुत्रा परत आणा. नाहीतर उद्यापासून बाहेरून कुलूप लावून जावं लागेल, आणि मला ते जमणार नाही. स्वतःच्या माणसाला कोंडून मी नोकरी करू?"

मी म्हटलं, "आता पुळका आलाय. आधी पंजे पंजे करत होतीस."

तिला कळायला एक क्षण लागला. मग तिने भांडं ओट्यावर आपटलं. "माझ्यावर संशय? त्याची बिस्किटं कोण आणतं घरात? तुमच्या कानांचं फार कौतुक आहे ना तुम्हाला, एकदा मळ काढून घ्या त्यांतला."

आवाज वर गेला होता. म्हणजे खरं बोलत होती. मला फार लाज वाटली, पण सॉरी म्हणायचं धैर्य झालं नाही. उद्या म्हणेन.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सेक्रेटरीविरुद्ध पुरावा पाहिजे म्हणून मोठ्या रस्त्यावरच्या औषधवाल्याकडे गेलो. त्याचा कॅमेरा आमच्या गल्लीच्या तोंडाकडे बघतो. म्हटलं, गाडी आली तेव्हा तिला हात दाखवून आत कुणी घेतलं, ते दिसेल.

औषधवाला खुशीत होता. "अहो, या कॅमेऱ्याला कमी समजू नका. तो टीव्हीवरचा हल्ला, तो इथलाच. चॅनेलवाले येऊन घेऊन गेले."

"इथला?"

"हे काय, या समोरचाच. पूर्ण आहे माझ्याकडे, बघायचाय?"

त्याने लावलं. पूर्ण. रंगीत. तोंड न झाकलेलं. आणि आवाज नसलेलं.

रस्त्याच्या कडेला अण्णा उभे. साहेब जरा पुढे जाऊन थांबलेला, वळून बघतोय. अण्णा भलतीकडेच वळतात आणि रस्त्यात उतरतात. पाण्याचा टँकर रिव्हर्समध्ये मागे येतोय, त्यांची त्याच्याकडे पाठ. साहेब धावत येतो, भुंकतो, म्हणजे जबडा उघडझाप होतो, अण्णा ढिम्म. मग तो झेप घेतो, बाही पकडतो आणि मागे खेचतो. अण्णा कडेला कोलमडतात. ते उभे होते तिथून टँकरचं चाक जातं. चॅनेलने झेप ठेवली, टँकर कापून टाकला. पुढचंही कापलं: साहेब अण्णांचं कोपर चाटतो, ते त्याच्या डोक्याला धरून उठतात, आणि मग तो पुढे, अण्णा मागे, डावा पाय घासत.

तो पाय मी बघितला होता. त्याच पायाला त्याच माणसाची चप्पल मी हातात घालून वाजवली होती, आणि म्हटलं होतं, अशी बसली की केसाइतका फरक नाही. बापाची चाल कानाने ओळखली आणि डोक्यापर्यंत पोचू दिली नाही.

"हे तुमचे वडील?" औषधवाला चपापला. "मला काय माहीत हो. मी त्यांना टँकरसकट दिलं होतं. ते म्हणाले, टँकर नको."

मी उठलो. फाटकाची कडी, सेक्रेटरीचा मेहुणा! काखेत कळसा आणि गावाला वळसा.

तसाच चॅनेलवर गेलो. ब्रेकिंगला म्हटलं, टँकर का कापला? कुत्रा त्या म्हाताऱ्याला वाचवत होता.

"कळलं होतं रे. पण कुत्र्याने वाचवलं हे लोक एकदा बघतात, छान म्हणतात, विसरतात. चावलं हे दहादा बघतात."

"मला का नाही दाखवलंत पूर्ण?"

"तुला पाय आणि जबडा लागतो. दिला की. आणि खरं सांगू? त्या चित्रात काही नव्हतं. लोक घाबरले ते तुझ्या आवाजाला."

मी म्हटलं, खुलासा दाखवा. तो म्हणाला, बघू. त्याचं 'बघू' मला चांगलं माहीत आहे.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

रजा टाकून पालिकेच्या कोंडवाड्यात गेलो. लांबलचक शेड, जाळीचे खण, फिनेलचा वास. आत इतके कुत्रे, आणि आवाज किती थोडा! मला वाटलं होतं, कान फुटतील. बहुतेक सगळे नुसते पडून होते. साहेब कोपऱ्यातल्या खणात, भिंतीकडे तोंड करून. मी हाक मारली तेव्हा उठला. त्याच्या कानाचा तुकडा कापलेला होता, ओळख राहावी म्हणून कापतात म्हणे.

तिथल्या देखरेखीच्या बाई खमक्या. "हा नाही मिळणार. हा टीव्हीवरचा चावरा आहे."

"चावरा नाही हो तो. इतके दिवस इथे आहे, कुणाला चावला?"

"इथे गरीब बनून राहतो. पण मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय त्याला गुरगुरताना."

"बाई, तो कुत्रा नाही गुरगुरत. ते माझे वडील आहेत."

शेडमधली माणसं खो खो हसली. मी फोन काढून अण्णांचं घोरणं लावलं, मग तेच हळू करून ऐकवलं. हसू थांबलं. बाई फोनकडे बघत राहिल्या, मग साहेबाकडे.

"असा धंदा करता तुम्ही?" एवढंच म्हणाल्या.

मी फोन खिशात ठेवला.

जरा वेळाने त्या नरम आवाजात म्हणाल्या, "हे बघा, चावऱ्याच्या तक्रारीवर आणलेला कुत्रा त्याच भागात सोडता येत नाही. मग तो इथेच राहतो, आणि इथे फार दिवस कुणी टिकत नाही. ज्याने तक्रार केली त्याने ती मागे घेतली, तरच सोडता येईल."

"कुणी केली? सेक्रेटरीने ना?"

"नाव सांगता येत नाही. पण कुणी म्हातारे गृहस्थ आहेत. रोज फोन करतात. धरला का, कोंडलाय ना नीट, सुटणार नाही ना. मी म्हटलं, आजोबा, एवढे का घाबरता? तर म्हणाले, माझं काही नाही हो, मी म्हातारा. पण आमच्याकडे रोज दुपारी साहेब येतात, त्यांना चावेल."

मी जाळीला धरून उभा राहिलो. बाईंनी पाण्याचा पेला दिला.

म्हणजे माझ्यासमोर, माझ्याच घरातून. हळू आवाजात बोलणं, मी आलो की रिसीव्हर ठेवणं, दाराशी काठी. मी विरंगुळा म्हणून लिहिलं. स्वतःच्याच घोरण्याला भिऊन अण्णांनी साहेबाला धरून दिलं, आणि तेही साहेबाला वाचवायला.

१५ फेब्रुवारी, रविवार

काल दिवसभर समजावलं. औषधवाल्याकडची पूर्ण क्लिप अण्णांना दाखवली. त्यांनी ती शांतपणे पाहिली आणि म्हणाले, "आवाज नाही. हे खोटं आहे." मी हरलो.

हिला सगळं सांगितलं, अगदी घोरण्यापासून. सॉरीही म्हटलं. वाटलं होतं, तोंडसुख घेईल. ती डोळे पुसून म्हणाली, "तरी म्हटलं, ओळखीचा आवाज आहे." आणि उठून भांडी घासायला गेली. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं.

आज सकाळी तिनेच मार्ग काढला. अण्णांच्या शेजारी बसली. "अण्णा, साहेब का येत नाहीत ते कळलं. त्यांना एका ठिकाणी अडवून ठेवलंय. तुम्ही सांगितल्याशिवाय सोडणार नाहीत म्हणे."

अण्णा ताडकन उठले. "साहेबांना अडवलंय? कुणाची हिंमत?"

तिने नंबर लावून दिला. अण्णांनी शर्टाची वरची गुंडी लावली आणि उभं राहून बोलले, ऑफिसात बोलायचे तसे, पाठ ताठ. "नमस्कार. मी साहेबांचा शिपाई बोलतोय. आमच्या साहेबांना सोडा. काही गैरसमज झाला असेल तर माफी मागतो. त्यांना माझ्याशिवाय रस्ता सापडत नाही."

फोनचा स्पीकर चालू ठेवला होता, म्हणून पलीकडचं आम्हाला ऐकू आलं. त्याच खमक्या बाई होत्या. म्हणाल्या, "उद्या पाठवते, आजोबा. माफी नका मागू."

१६ फेब्रुवारी, सोमवार

साहेब घरी आले. मी स्वतः जाऊन आणलं. गल्लीत शिरलो तेव्हा दोन आया मुलांना ओढून बाजूला झाल्या. पानवाल्याने ओशाळं हसून हात केला, पण टपरीतून खाली उतरला नाही. जिन्यात पोरं दबा धरून होती, गुरगुरली, आणि साहेब माझ्या पायांत घुसून चढायला तयार होईनात. मी पोरांवर ओरडलो. ती पळाली, पण वरच्या मजल्यावर जाऊन पुन्हा तेच. तो आवाज आता हजारो फोनमध्ये आहे, तो परत मागायला मी कुणाच्या दारात जाऊ?

दार अण्णांनी उघडलं. साहेबांनी शेपूट हलवली, एक पाऊल पुढे टाकलं. अण्णांनी काठी उचलली.

"हाकल त्याला! टीव्हीवरचा आहे तो!"

"अण्णा, नीट बघा. हेच साहेब."

"मला शिकवतोस? साहेबांना मी ओळखत नाही?" काठी त्यांनी आणखी वर केली. "घालव त्याला लवकर. साहेब यायची वेळ झाली."

साहेबांनी काठीकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं आणि मागे सरकून जिन्याच्या कडेला बसले. मी बिस्किट पुढे केलं, ते त्यांनी घेतलं नाही. अण्णा खिडकीत जाऊन रस्त्याकडे बघत उभे राहिले. मध्येच वळून मला म्हणाले, "फोनवर तर पाठवतो म्हणाले होते." मला रडू आवरेना, म्हणून न्हाणीघरात गेलो.

जेवून अण्णा कॉटवर आडवे झाले, काठी उशाशी घेऊनच. थोड्या वेळाने घोरायला लागले. मी दार उघडं ठेवून उंबऱ्यात बसलो होतो. तो आवाज सुरू झाला तसं मी तोंड जिन्याकडे फिरवलं. तो आता मला घोरण्यासारखा ऐकूच येत नाही.

साहेबांना येतो. त्यांनी मान वर केली, तुकडा गेलेला कान उभा झाला, शेपटी जमिनीवर आपटली. उठून, माझ्या अंगावरून, पंजे न वाजवता आत गेले आणि कॉटखाली अण्णांच्या चपलेवर डोकं टेकून पसरले. ही दारात आली. मी खूण केली, तशी पुढे होऊन तिने उशाची काठी हलकेच काढून घेतली.

"उठल्यावर काय?" तिने खुणेनेच विचारलं. मला माहीत नाही.

हे लिहितोय तेव्हा दोघंही तसेच आहेत. मधूनच अण्णांचं घोरणं थांबतं, तेव्हा साहेब डोळे उघडून दाराकडे बघतात, पळायच्या तयारीत. पुन्हा सुरू झालं की डोकं खाली ठेवतात.